पंचनाम्याला कोणी आलं नाही

माझ्या जिभेला हाड नाही, हे चंद्रपूरजवळच्या मूल तालुक्यात ज्याला ठाऊक नसेल तो नवीन बदलून आलेला असावा. मी राईस मिलच्या वजनकाट्यावर बसतो. धानाचा ट्रॅक्टर काट्यावर चढून उतरेपर्यंत जो वेळ मिळतो त्यात मी एक गोष्ट सांगतो. कधी कधी वजन होऊन जातं, पावती हातात पडते, तरी शेतकरी गोष्टीच्या शेवटासाठी तिथंच उभा, आणि मागचे दहा ट्रॅक्टर हॉर्न वाजवून माझ्या खानदानाचा उद्धार करतात. दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रांचा, हंगाम लागला की मी गावोगावच्या नाटकांत विनोदी भूमिका करतो. सात तालुक्यांत मला बघून लोक हसले आहेत. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

याच जिभेनं मी माझ्या भाऊजींना कागदोपत्री लबाड ठरवलं. त्यांचा जीव वाचवत असताना ठरवलं, ही त्यातली गंमत.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, जिला मी बाई म्हणतो तिचे, यजमान. आरमोरीजवळच्या गावात राहतात, वनरक्षक म्हणून निवृत्त झाले. वाघानं गाय मारली की नुकसानभरपाईसाठी पंचनामा करावा लागतो, तो तीस वर्षं त्यांनी केला. जनावर जिथं पडलं तिथं पायी जायचं, मानेवरचे दात बघायचे, फरफटत नेल्याची खूण बघायची, मगच लिहायचं. एकदा त्यांच्या सख्ख्या चुलतभावाचा बैल विजेनं मेला. तो म्हणाला, "वाघ लिवून दे ना गा, तुह्या बापाचं का जाते?" भाऊजींनी वीज लिहिलं. तेव्हापासून दोन घरांचं जेवणखाण बंद. मी त्यांना म्हणायचो, "भाऊजी, एवढं खरं बोलणं तब्येतीले बरं नाई." ते म्हणायचे, "साळेबुवा, तुह्या वाट्याचंबी मलेच बोलावं लागते."

तर आम्ही नेपाळला निघालो. भाऊजी, बहीण आणि मी. बायको म्हणाली, "तुमच्या गोष्टी घरी फुकट ऐकून राह्यली, परदेशात जाऊन काऊन ऐकू?" आणि ती आली नाही. चंद्रपूरचा एक यात्रावाला चाळीस जणांना घेऊन चालला होता, आणि तिकिटासोबत प्रवासाचा विमा होता. विम्याच्या फॉर्मवर प्रश्न होते: रक्तदाब आहे का, साखर आहे का, हृदयाचा आजार आहे का. एकोणचाळीस जणांनी जिथं बोट दाखवलं तिथं सही केली. भाऊजी म्हणाले, "दोन दिवस थांबा." गेले आरमोरीच्या दवाखान्यात, रक्त तपासलं, दाब मोजून घेतला, चिठ्ठी आणली आणि मग तिन्ही प्रश्नांपुढे स्वतःच्या अक्षरात 'नाही' लिहिलं. यात्रावाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे असेच आहेत का?" मी म्हटलं, "आज तर लवकर आटोपलं."

गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढं बस. सीमेवर मतदार ओळखपत्र दाखवलं, शिपायानं मान हलवली, झालो आम्ही परदेशी. पोखऱ्याला चौथ्या दिवशी सकाळी एका टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्या चढताना भाऊजी मध्येच बसले. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. चेहरा ओल्या राखेसारखा. मी कसला तरी विनोद केला. ते हसले नाहीत हे नेहमीचंच होतं, पण त्यांनी चिडूनही बघितलं नाही, तेव्हा मी गाडी शोधायला खाली धावलो.

दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, हिंदी चांगलं बोलत होता. बहीण भाऊजींची टोपी दोन्ही हातांत धरून भिंतीला टेकून उभी होती, आणि मला सारखं एकच विचारत होती, "बाबू, हे का नवीनच आलं गा? हे का नवीनच आलं?"

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे आजारी माणसाच्या उशाशी दुखणं नवीन आहे असं कोणी म्हणत नाही. कालपासून ताप असला तरी भेटायला आलेल्याला सांगायचं, "जुनंच हाये, येते-जाते." रानाचा हिशेब आहे हा. जुना वाघ, ज्याचा पाणवठा ठाऊक आहे, ज्याची वाट ठाऊक आहे, त्याच्या रानात बाया मोहफूल वेचायला बिनधास्त जातात. नवा वाघ आला असं कळलं की दुपारीच दारं लागतात. म्हणून दुखणं जुनं करायचं. जुनं केलं की ते माणसाळतं, आणि घरच्या बाईच्या घशाखाली घास उतरतो.

डॉक्टरनं विचारलं, "कब से है?"

मी बहिणीकडं बघितलं आणि रंगमंचावर एंट्री घेतली. "अरे डॉक्टर साब, ये तो पुराना है! बीस साल पुराना! जंगल की नौकरी में लगा, तब से आता-जाता रहता है, मेहमान के माफिक. चाय पिलाओ तो चला जाता है!"

डॉक्टर लिहीत होता. बहिणीला पक्कं ठाऊक होतं की मी खोटं बोलतोय. पस्तीस वर्षं त्या माणसाच्या शेजारी राहिलेली बाई ती. पण ते ऐकून तिचे खांदे खाली आले, ती बाकावर बसली आणि तिनं पहिल्यांदा पाणी मागितलं. मी मनात म्हटलं, वा रे नट. टाळ्या तेवढ्या वाजायच्या राहिल्या होत्या.

भाऊजींच्या हृदयात स्टेंट टाकला. पैसे चंद्रपूरहून त्यांच्या मुलीनं आणि जावयानं पाठवले. आठवड्यानं आम्ही परत आलो, आणि विम्याचा क्लेम भरायचं काम मी माझ्याकडे घेतलं, कारण बोलायचं काम होतं.

फोन लावला की आधी बासरी वाजायची. मग एक बाई सांगायची की माझा कॉल त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. मग पुन्हा बासरी. मी ती बासरी मिलच्या काट्यावर स्पीकरवर लावायचो, हमाल तिच्यावर पोती उचलायचे. अखेर एक माणसाचा आवाज यायचा, दर वेळी वेगळा, आणि दर वेळी मला पायऱ्यांपासून सुरुवात करावी लागायची. मलाच माझ्या गोष्टीचा कंटाळा आला, हे आयुष्यात पहिल्यांदा घडलं.

"सर, पासपोर्टवरच्या एंट्री स्टॅम्पची कॉपी लागेल."

"मॅडम, नेपाळले पासपोर्ट लागत नाई. वोटर कार्ड चालते."

"पण सर, पेशंट नेपाळमध्ये होते हे आम्ही कसं समजायचं?"

"नेपाळच्या डॉक्टरनं त्यांच्या हृदयात स्टेंट टाकला मॅडम. तो का पोस्टानं आला?"

"सर, मी तुमचा मुद्दा नोंदवून घेते."

असे माझे किती मुद्दे त्यांच्याकडे नोंदवलेले आहेत, देव जाणे. यात्रावाल्याच्या दुकानात गेलो तर तो आता चारधामची पत्रकं वाटत होता. म्हणाला, "विम्याचं विमावाले बघतीन भाऊ." आणि एक पत्रक माझ्याही हातात दिलं.

तीन महिने गेले. मी आरमोरीला गेलो तर भाऊजी ओसरीवर धुतलेला सदरा घालून बसलेले. समोर दोन रिकाम्या खुर्च्या, स्टुलावर कागदांची फाईल, तिच्यावर दगड.

"कोणी पाहुणे येऊन राह्यले का?" मी विचारलं.

"विम्याचे साहेब. पंचनाम्याले येतीन ना?"

बहीण आतून ओरडली, "विचार त्याईले! आठ दिस झाले, वावरात जाऊन नाई राह्यले. म्हणते, साहेब आला आन मी जाग्यावर नसलो तं?"

"नियम हाये," भाऊजी म्हणाले. "पाहणी होईस्तोवर जागेवरून हलवू नये."

"तो मेलेल्या ढोराचा नियम हाये! तुमी का मेलं ढोर हाये का?"

मी पोट धरून हसलो. भाऊजीही किंचित हसले, पण खुर्च्या त्यांनी उचलल्या नाहीत. त्यांना खरोखर वाटत होतं की एवढ्या रकमेचा दावा आहे म्हणजे कोणीतरी येणार, समोर बसणार, विचारणार, नाडी बघणार, गावात चार माणसांना विचारून जाणार. एका गाईसाठी ते नाल्यातून सात किलोमीटर चालत गेलेले होते. मी सांगायला हवं होतं की कोणी येत नाही, तो जमाना गेला. नाही सांगितलं. वाट बघण्यात ते बरे दिसत होते.

आलं ते पत्र. इंग्रजीत. भाऊजींनी ते माझ्याकडे दिलं आणि समोर बसले. मी मनातल्या मनात वाचलं आणि तोंडानं म्हटलं, "नाई म्हणतात. काही तांत्रिक कारण हाये."

"कोणतं?"

"असंच. नियमाचं."

"साळेबुवा, शब्दाले शब्द सांग."

मी सांगितलं. विमाधारकानं आपला वीस वर्षांपासूनचा हृदयाचा आजार जाणूनबुजून दडवला, सबब दावा फेटाळण्यात येत आहे.

त्यांनी फाईलवरचा दगड उचलून बाजूला ठेवला आणि विचारलं, "वीस वर्षं कुठून काढले याईनं?"

फाईलमध्येच होतं. पोखऱ्याच्या दवाखान्याच्या कागदावर, मीच झेरॉक्स काढून, मीच पाठवलेल्या कागदावर: छातीत दुखण्याचा वीस वर्षांचा इतिहास, नातेवाइकाच्या सांगण्यानुसार.

"नातेवाईक म्हणजे कोण?"

बहीण स्वयंपाकघराच्या दारात आली. "म्या नाई सांगतलं," ती म्हणाली. पण ती माझ्याकडे बघत नव्हती, आणि त्यावरून भाऊजींना सगळं कळलं.

"दवाखान्यातबी नाटक केलं का गा?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी पाया पडून मोकळा झालो असतो.

"बाई घाबरली होती," मी म्हटलं. "म्हणून जुनं केलं."

ते समजले. रीत त्यांनाही ठाऊक होती, त्यांनी स्वतः कितीदा तरी परक्याचा ताप असा जुना केला असेल. मान हलवली. मग म्हणाले, "पैसे देवो की न देवो. पण मी दडवलं म्हणून लिवलं हाये, तेवढं वाक्य खोडून मांगा. मी तपासून लिवलं होतं."

तेवढंच त्यांना हवं होतं. वर्षभर मी त्याच एका वाक्यामागे फिरलो.

पहिल्यांदा आरमोरीच्या दवाखान्याची चिठ्ठी पाठवली. कंपनीनं कळवलं, यात दाब आणि साखर आहे, हृदयाचा आलेख नाही. मग एका ओळखीच्या वकिलानं सुचवलं की मी खोटं बोललो असं शपथेवर लिहून द्यावं. मूलच्या तहसीलीच्या आवारात गेलो. संगणकवाल्यानं मान वर न करता विचारलं, "उत्पन्नाचं, जातीचं, का रहिवासाचं?"

"खोटं बोलल्याचं."

त्यानं मान वर केली. "त्याचा फॉर्मॅट नाई हाये भाऊ."

"बनव ना गा मग."

पाच मिनिटांत माझ्याभोवती माणसं जमली. वारसाच्या कागदासाठी आलेला एक म्हातारा म्हणाला, "मीबी एक देतो, पण मले लय पानं लागतीन." मला राहवलं नाही. मी तिथं उभ्याउभ्या पोखऱ्याचा सगळा प्रवेश करून दाखवला, डॉक्टरसकट. लोक खदखदून हसले. नोटरीही हसला आणि त्यानं शिक्का मारला. घरी येताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं की ज्याच्या नावासाठी मी हे करायला गेलो होतो, त्याच्याच दुखण्यावर मी तहसील हसवून आलो.

आणि ते तिथंच राहिलं नाही. माझी गोष्ट बसनं जाते. आठवड्याच्या आत ती आरमोरीला पोचली आणि तिथल्या चहाच्या टपरीवर भाऊजींच्या चुलतभावाला मिळाली. त्यानं बारा वर्षं वाट बघितली होती. "काय वनरक्षकसाहेब," तो चारचौघांत म्हणाला, "तुमचंबी ढोर विजेनंच मेलं म्हणते!" भाऊजी चहा अर्धा टाकून उठले. हे मला बहिणीनं सांगितलं. मग म्हणाली, "तू आता कोणाले काई सांगू नको बाबू. तू चांगला हायेस, पण सांगू नको."

कंपनीनं माझं शपथपत्र नाकारलं. नंतर सुचलेली सबब, असं म्हटलं. शेवटी आम्ही विमा लोकपालाकडे तक्रार केली, आणि सुनावणी मोबाइलवर झाली. बहिणीनं फोन पाण्याच्या पितळी गडव्याला टेकवून ठेवला. तिकडे एका चौकटीत लोकपालसाहेब, दुसऱ्या चौकटीत कंपनीचा तरुण अधिकारी, मागं खोट्या पुस्तकांचं चित्र. इकडे आम्ही तिघं, आणि माझं अर्धं कपाळ चौकटीबाहेर.

साहेब सज्जन होते. त्यांनी सगळे कागद वाचलेले होते. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही डॉक्टरला वीस वर्षं सांगितलं. आता शपथेवर म्हणता ते खोटं होतं. मी कोणत्या वेळेचं खरं धरू?"

सात तालुक्यांत माझं वाक्य कधी पडलं नाही, ते त्या गडव्यासमोर पडलं.

भाऊजी पुढं झाले. "साहेब, तो खोटा माणूस नाई. भेलेला होता." मग थांबून म्हणाले, "मी तीस वर्षं पंचनामे केले. जागेवर गेल्याबिगर एक ओळ लिवली नाई. याईनं एक माणूस पाठवला असता. गावात कोणालेबी विचारलं असतं."

कंपनीचा अधिकारी म्हणाला, "सर, प्रत्येक केसमध्ये प्रत्यक्ष भेट शक्य नसते."

"मले वाघाच्या रानात शक्य होत होती," भाऊजी म्हणाले.

साहेबांनी तडजोड सुचवली. कंपनी सद्भावना म्हणून निम्मी रक्कम द्यायला तयार झाली. भाऊजींनी विचारलं, "आन ते वाक्य?"

अधिकारी अदबीनं म्हणाला, "सर, सिस्टिममधला शेरा बदलता येत नाही. पण तुम्हाला पैसे मिळत आहेत ना?"

भाऊजींचा नकार त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला. पण जावयानं भरलेले पैसे डोक्यावर होते, आणि जावई एक शब्द बोलत नव्हता हेच जड होतं. संमतीचा कागद आला. या वेळी त्यांनी न सांगता मी शब्दाला शब्द वाचला: कंपनीच्या निष्कर्षाबद्दल माझी कोणतीही हरकत नाही. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला आणि सही केली. पैसे आले त्या दिवशी जावयाला पाठवले. बहिणीनं खीर केली होती, ती कोणी मागून घेतली नाही.

नंतर मी आरमोरीला जायचो तेव्हा ते माझ्याशी पहिल्यासारखेच बोलायचे. धानाचं, पावसाचं. पण मी बोलायला लागलो की ते माझ्याकडे बघायचे, हा यातलं काय घेऊन जाईल आणि कुठं नेईल असं तोलल्यासारखं. मी कमी बोलायला लागलो. काट्यावर लोक विचारतात, "भाऊ, तब्येत बरी नाई का?"

या धानरोवणीच्या दिवसांत मी त्यांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, गेलो होतो. ते दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरून चालत येत होते, आणि मध्येच थांबले. टोपी काढली. मी धावलो.

"पायात काटा गेला," ते म्हणाले. पाय चिखलात होते, पण हात छातीवर होता.

"भाऊजी."

"बाईले सांगू नको."

"कधीपासून?"

"पायात काटा गेला म्हणलं ना."

मी बहिणीला सांगितलं. त्यांनी मला एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच शिवी दिली आणि मी ती आनंदानं घेतली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना चंद्रपूरला हृदयाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर मध्यमवयीन, शांत. पोखऱ्याचे कागद चाळले, छातीला नळी लावली, मग खुर्चीत बसून पॅड पुढं ओढलं.

"कधीपासून दुखतंय?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बहीण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"बाबा, बोला ना," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही सांगितल्याशिवाय मला कसं कळेल?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, डॉक्टरकडे बघितलं, मग पॅडकडे.

"लिवणार नसान," ते म्हणाले, "तं सांगतो."